मूर्खांचा अधिभार

समर्थ रामदासांनी दासबोधाच्या दुसऱ्या दशकातला पहिला समास मूर्खाला दिला आणि दहावा पढतमूर्खाला. दोघांना एकाच समासात कोंबले नाही, हे त्यांनी फार चांगले केले. युद्धाने होरपळलेल्या देशांना पैसा पोहोचवायच्या कामात हे दोघेही लागतात आणि दोघांची कामे निरनिराळी असतात. पढतमूर्ख परिषद भरवतो, गट स्थापन करतो, निकष ठरवतो. मूर्ख पैसे देतो. पढतमूर्खाचे गुणगान करणारे पुष्कळ आहेत. त्याच्या परिषदांचे अहवाल गुळगुळीत कागदावर छापले जातात. मूर्खाच्या बाजूने बोलायला कोणी नाही, म्हणून हा लेख.

हा मूर्ख आमच्या दिग्रसला राहतो. यवतमाळ जिल्ह्यातले तालुक्याचे गाव. कापूस, तूर, सोयाबीन, जिनिंग, घंटीबाबांची यात्रा, बाजूला अरुणावतीचे धरण, आणि बाहेरगावी जायचे म्हटले की एसटी. इथल्या कास्तकाराला ढाका, कुवेत आणि कीव्ह नकाशावर दाखवा म्हटले, तर तो नकाशा घडी घालून परत देईल. पण या तिन्ही ठिकाणी पेटलेल्या युद्धांचे पैसे त्याने भरलेले आहेत. एकदा पाकिटावर आणि एसटीच्या तिकिटावर, एकदा डिझेलवर, एकदा खताच्या पोत्यावर. त्याच्याकडे पावती नाही, आभाराचे पत्र नाही, आणि देणगीदारांच्या कोणत्याही यादीत त्याचे नाव नाही. हा मूर्खपणा साधासुधा नव्हे. याला पिढ्यांची सवय लागते.

सुरुवात १९७१ पासून करू. २५ मार्चच्या रात्री पाकिस्तानी लष्कराने ढाक्यात कत्तल सुरू केली आणि पूर्व बंगालची माणसे सीमा ओलांडून भारतात येऊ लागली. डिसेंबरपर्यंत त्यांची संख्या ९९ लाखांच्या घरात गेली. शहाण्या देशाने अशा वेळी काय केले असते? सीमेवर फाटक लावले असते, फाटकाशी टेबल मांडले असते आणि या माणसांचा खर्च कोण देणार हे लेखी ठरेपर्यंत फाटक बंद ठेवले असते. पुढे अनेक श्रीमंत देशांनी नेमके हेच केले, आणि त्यांना कोणी मूर्ख म्हटले नाही. भारताने १९७१ मध्ये फाटक उघडे ठेवले. स्वतःच्या पोटाला बाहेरून गहू आणण्याचे दिवस अजून पुरते सरले नव्हते, तरी उघडे ठेवले. त्रिपुराची तेव्हाची लोकसंख्या साडेपंधरा लाख. त्या एवढ्याशा राज्यात सुमारे १४ लाख माणसे येऊन उतरली. घरातल्या माणसांइतकेच पाहुणे. देशभरातल्या आठशेहून अधिक छावण्यांत ६८ लाखांच्या आसपास माणसे होती. उरलेली ३१ लाख कुठे होती? लोकांच्या घरी. नातेवाइकांकडे, गाववाल्यांकडे, ओळखीपाळखीच्यांकडे. त्या घरांनी खर्चाचे अंदाजपत्रक कोणालाही सादर केले नाही. असली घरे अर्थशास्त्राच्या पुस्तकात बसत नाहीत, आणि त्यांच्यावाचून ती ३१ लाख माणसे जगलीही नसती.

शहाणे जगही तोवर हात बांधून बसले नव्हते. एप्रिलमध्ये भारताने संयुक्त राष्ट्रांकडे मदत मागितली. सरचिटणीस ऊ थांट यांनी निर्वासितांचे उच्चायुक्त सद्रुद्दीन आगाखान यांच्या कार्यालयाला समन्वयाचे केंद्र नेमले; जगाची मदत गोळा होऊन याच एका दारातून यावी, अशी योजना. मे महिन्यात साऱ्या देशांना आवाहन निघाले. ऑक्टोबरमध्ये भारताला मदत करणारे देश जागतिक बँकेच्या पुढाकाराने पॅरिसला बसले. मार्च १९७२ पर्यंत या निर्वासितांवर ७० कोटी डॉलर खर्च होतील, असा बँकेचा अंदाज होता. अंदाज अचूक होता, बैठक व्यवस्थित झाली. बाहेरून आलेले पैसे त्या रकमेच्या निम्म्यालाही पोहोचले नाहीत. सद्रुद्दीन यांच्या माणसांनी मनापासून काम केले, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. दार त्यांनी उघडे ठेवले होते, दारातून येणारेच कमी होते.

उरलेले कोणी भरायचे? दिल्लीने इकडेतिकडे पाहिले आणि तिला दिग्रस दिसले. दिग्रस म्हणजे देशभरातली अशी हजारो गावे. ऑक्टोबर १९७१ मध्ये अध्यादेश निघाले आणि डिसेंबरमध्ये त्यांचे कायदे झाले: टपालावर कर, रेल्वेच्या भाड्यावर कर, देशांतर्गत विमानप्रवासावर कर. विमानाचा कर दिग्रसने भरला नाही, एवढे कबूल केले पाहिजे. टपालाचा मात्र पुरेपूर भरला. १५ नोव्हेंबर १९७१ पासून पाकीट पाठवायचे तर नेहमीच्या तिकिटाशेजारी पाच पैशांचे निर्वासित मदतीचे तिकीट लावणे सक्तीचे झाले. घाई एवढी होती की नवे तिकीट छापायलाही उसंत नव्हती. म्हणून कुटुंब नियोजनाचे पाच पैशांचे तिकीट घेतले आणि त्यावरच निर्वासित मदतीची अक्षरे उमटवली. आईबाप आणि मुले, असे छोटे सुखी कुटुंब, आणि त्याच्या अंगावर एक कोटी पाहुण्यांचा शिक्का. भारत सरकारने त्या वर्षी केलेले हे सर्वांत खरे चित्र आहे, असे माझे मत आहे. १ डिसेंबरला नवे तिकीट आले. पाच पैशांची ही सक्ती ३१ मार्च १९७३ पर्यंत चालली.

आता त्या पाकिटाचा विचार करा. दिग्रसहून नागपूरला शिकायला गेलेल्या मुलाला बापाने पत्र टाकले, मनिऑर्डर नंतर करतो म्हणून. माहेरच्या पत्राला सासरहून उत्तर गेले. व्यापाऱ्याने अकोल्याला भाव विचारला. मरणाची बातमी गेली, सोयरिकीची गेली. प्रत्येक पाकिटाच्या कोपऱ्यात बंगालच्या सीमेवरच्या बनगावच्या, त्रिपुरातल्या आगरतळ्याच्या छावणीतल्या कोणाच्या तरी ताटातले दोन घास होते, आणि चिकटवणाऱ्याला त्या माणसाचे नावही ठाऊक नव्हते. पात्रता तपासली नाही, कागदपत्रे मागितली नाहीत, निकष लावले नाहीत. जिभेवर तिकीट ओले केले आणि लावले. मदत करावी तर अशी बिनडोकपणे करावी.

राज्य सरकारही मागे राहिले नाही. मुख्यमंत्री होते वसंतराव नाईक, आमच्या शेजारच्या पुसद तालुक्यातल्या गहुलीचे. बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या नावाने एसटीच्या तिकिटावर अधिभार बसला. दिग्रसहून पुसदला जा, दारव्ह्याला जा, आर्णीला जा, तिकिटात थोडे पैसे ढाक्याचे. आणि हे कधी? महाराष्ट्रावर १९७२ चा दुष्काळ येऊन ठेपला होता तेव्हा. पुढच्या वर्षी याच राज्यात लाखो माणसे रस्त्याच्या कामावर खडी फोडत होती, अमेरिकेहून आलेली लाल मिलो शिजवून खात होती आणि सुकडीसाठी रांगेत उभी होती. त्यांच्यातले जे एसटीने कामावर गेले, त्यांनी तिकिटासोबत परदेशातल्या युद्धपीडितांसाठीही भरले. स्वतः मदतीच्या रांगेत उभा असलेला माणूस दुसऱ्याला मदत करतो आहे, हे दृश्य कोणत्याही समन्वय गटाच्या आराखड्यात बसणार नाही. तिथे आधी देणारा आणि घेणारा असे दोन रकाने आखावे लागतात.

निर्वासित १९७२ च्या पहिल्या काही महिन्यांत बहुतेक सगळे आपापल्या गावी परतले. अधिभाराचे परतीचे तिकीट मात्र कोणी काढले नाही. तो एसटीतच बसून राहिला. पुढे त्याचे नाव बालकांच्या पोषण आहाराचा अधिभार असे झाले आणि शेवटी-शेवटी तो तिकिटामागे १५ पैसे होता. राज्य सरकारने तो रद्द केला तो थेट २०१६ च्या सुमारास. म्हणजे ढाक्याच्या युद्धासाठी बसवलेला आकार ढाका स्वतंत्र होऊन चार दशके उलटली तरी आमच्या तिकिटातून जात होता. छावण्यांतल्या ज्या मुलांसाठी तो सुरू झाला, ती मुले तोवर आजोबा झाली होती.

सरकारने हे सांगायला हवे होते, असे माझे ठाम मत आहे. लोकांच्या खिशातून पैसा घ्यायचा तर कशासाठी घेतो ते तोंडाने सांगावे, कधीपर्यंत घेणार तेही सांगावे आणि हिशेब द्यावा. ते झाले नाही, ही चूक सरकारची. देणाऱ्याच्या मूर्खपणाला त्यामुळे उणेपणा येत नाही. हुशार माणसाने पहिल्याच वर्षी माहितीचा अर्ज केला असता, दुसऱ्या वर्षी न्यायालयात गेला असता, आणि तिसऱ्या वर्षी एसटी सोडून स्वतःची मोटार घेतली असती. दिग्रसचा माणूस खिडकीजवळची जागा धरून बसला आणि गाडी सुटली.

मूर्खपणाचे आणखी एक थोर उदाहरण त्याच छावण्यांतले आहे. १९७१ च्या पावसाळ्याच्या तोंडावर बनगावला पटकी पसरली. सलाईनच्या बाटल्या संपत आल्या, टोचायला शिकलेले हात पुरेनात, माणसे जमिनीवर पडून मरू लागली. तज्ज्ञांचे मत ठरलेले होते: पटकीच्या रोग्याला शिरेतूनच पाणी द्यावे. डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज, मीठ आणि खाण्याचा सोडा पाण्यात मिसळून पिंपे भरली, पिंपांना तोट्या बसवल्या, आणि रोग्याच्या आईला, भावाला, बायकोला सांगितले की पेल्याने पाजत राहा. डॉक्टराचे काम अडाणी नातेवाइकांच्या हाती दिले! तीस टक्क्यांच्या आसपास असलेले मृत्यूंचे प्रमाण चार टक्क्यांच्या खाली आले. आकडे समोर असूनही विद्वानांना ते पटायला आणखी वर्षे लागली. महालनबीसांना पद्मविभूषण मिळाले ते २०२३ मध्ये, मरणोत्तर. आज दिग्रस तालुक्यातल्या कोणत्याही खेड्यात आशाताईच्या पिशवीत त्याच धर्तीच्या मिश्रणाची पुडी असते. ज्या छावण्यांसाठी आम्ही पाच पैसे दिले, त्या छावण्यांनी आमची पोरे जगवली. हा व्यवहार कोणी आखला नव्हता. आखला असता तर झालाच नसता.

आता शहाण्यांचे पाहू, कारण तुलनेशिवाय मूर्खाचे मोठेपण कळत नाही.

१ ऑगस्ट १९७१ ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पंडित रविशंकर आणि जॉर्ज हॅरिसन यांनी बांगलादेशासाठी मैफल केली. तिकिटांचे सुमारे २ लाख ४३ हजार डॉलर युनिसेफकडे गेले. त्या मैफलीची ध्वनिमुद्रिका निघाली, जगभर खपली, तिचे पैसे त्याहून कितीतरी मोठे होते. तिथे अमेरिकेचे करखाते जागे झाले. मैफल करण्यापूर्वी ती धर्मादाय म्हणून रीतसर नोंदवली नव्हती, म्हणून पैसे अडकले आणि तपासणी सुरू झाली. त्यातली मोठी रक्कम युनिसेफच्या हाती पडायला १९८० चे दशक उजाडले. करखात्याचे एकही पाऊल नियमाबाहेर नव्हते. दिग्रसच्या पोस्टातली पाच पैशांची तिकिटे मात्र नोंदणीवाचून, तपासणीवाचून कामी आली.

दुसरी गोष्ट बारदान्याची आहे. बारदाना म्हणजे काय, हे दिग्रसच्या बाजार समितीत कोणाला समजावून द्यावे लागत नाही. तुरीच्या खरेदीचा हंगाम आला की बारदाना संपला म्हणून मोजमाप थांबते आणि कास्तकार गाडीखाली झोपतो. १९७४ मध्ये बारदान्यापायी एका देशाचे धान्य थांबले. नवा बांगलादेश युद्धातून उठला होता, पुरात सापडला होता, तांदूळ भडकला होता. अमेरिकेचे धान्य यायचे होते. तेवढ्यात कळले की बांगलादेशाने क्यूबाला तागाची पोती विकली आहेत. क्यूबाशी व्यापार करणाऱ्याला हे धान्य देऊ नये, असा नियम होता. बांगलादेशाकडे विकायला तागाशिवाय होते तरी काय? नियम पाळला गेला. धान्य अडले, बांगलादेशाने क्यूबाचा व्यवहार बंद केला, मग धान्य आले. तोवर माणसे मरून गेली होती. सरकारी आकडा २६-२७ हजारांचा. अभ्यासक तो लाखांत सांगतात. दुष्काळ एकट्या पोत्यांमुळे पडला, असे मी म्हणणार नाही. पूर होता, साठेबाजी होती, मजुरांच्या हाती पैसा नव्हता. पण उपाशी देशाच्या दारात पोत्यांचा हिशेब करत उभे राहायला जे मनोबल लागते, ते मूर्खाजवळ कधीच नसते. तो आधी पोते सोडतो.

मग १९९० आले. २ ऑगस्टला इराकने कुवेत गिळले. या वेळी शहाण्यांनी कमालीची चपळाई दाखवली. दोन महिने उलटायच्या आत, सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, वॉशिंग्टनला आखाती संकटातल्या अर्थसाहाय्याचा समन्वय गट उभा राहिला. सव्वीस देश, अमेरिकेचे अर्थखाते पुढाकारात, नाणेनिधी आणि जागतिक बँक आकडेमोडीला. आघाडीवरचे देश कोणते तेही ठरले: इजिप्त, तुर्कस्तान आणि जॉर्डन. अब्जावधी डॉलरांची आश्वासने जमली. इजिप्तचे तर अमेरिकेने सुमारे ७ अब्ज डॉलरचे लष्करी कर्ज माफ केले आणि कर्ज देणाऱ्या देशांच्या पॅरिस क्लबने पुढे उरलेल्यातले मोठे ओझे उतरवले. इजिप्तचे सैन्य बरोबर बाजूला उभे होते. जॉर्डन कोणत्याच बाजूला नीट उभे राहिले नाही, म्हणून अमेरिकेचा आणि आखाती राजांचा हात त्याच्यासाठी आखडलेलाच राहिला. जपान आणि युरोपनेच काय ते दिले. येमेनने सुरक्षा परिषदेत युद्धाच्या ठरावाविरुद्ध हात वर केला, तेव्हा हे मत फार महागात पडेल असे त्याला तिथेच बजावले गेले, आणि अमेरिकेची ७ कोटी डॉलरची मदत बंद झाली. युद्धाची झळ किती बसली यापेक्षा कोणत्या बाजूने बसली, हे पाहून मदत देणे ही फार वरच्या दर्जाची विद्या आहे. आमच्या पाच पैशांच्या तिकिटात तिची सोय नव्हती.

आणि हे जॉर्डन कोणते? कुवेतमध्ये अडकलेली आपली माणसे इराकच्या वाळवंटातून बसने, ट्रकने जिथे पोहोचली, ते जॉर्डन. त्याने स्वतःची चणचण असताना लाखो परक्या माणसांना वाट दिली, तंबू दिले, पाणी दिले. तिथल्या अम्मानहून एअर इंडियाने ऑगस्ट ते ऑक्टोबर १९९० मध्ये ४८८ फेऱ्या करून १ लाख ११ हजारांवर भारतीयांना मुंबईला आणले. आमची माणसे सांभाळणारा देश शहाण्यांच्या तराजूत कमी भरला. मूर्खाने मूर्खाला ओळखले पाहिजे: जॉर्डनचे आपल्यावर ऋण आहे, आणि ते कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाही.

भारताचे काय झाले? तेल महागले, आखातातून येणारा पैसा आटला, इराक-कुवेतची गिऱ्हाइकी गेली. निर्बंधांची झळ बसलेल्या देशाने गाऱ्हाणे मांडावे, असे संयुक्त राष्ट्रांच्या सनदेचे ५० वे कलम सांगते. एकवीस देशांनी गाऱ्हाणे मांडले, त्यात भारत होता. ते ऐकून घेतले गेले. एकोणीस वर्षांपूर्वी एक कोटी माणसांना जेवू घालणारा देश आता स्वतः दारात उभा होता, आणि आघाडीवरच्या तिघांच्या यादीत त्याचे नाव नव्हते. ऑक्टोबरमध्ये सरकारने पेट्रोलियम पदार्थांवर २५ टक्के आखाती अधिभार बसवला. म्हणजे पुन्हा दिग्रस. विहिरीवरचे इंजिन, जिनिंगला कापूस नेणारा ट्रक, सगळ्यांनी कुवेतच्या युद्धाची वर्गणी भरली. जानेवारी १९९१ मध्ये नाणेनिधीचे कर्ज आले आणि तरी पुरले नाही. मे महिन्यात २० टन सोने परदेशी बँकेला परत घेण्याच्या बोलीवर विकले, जुलैत रिझर्व्ह बँकेचे ४७ टन सोने मुंबईहून विमानाने जाऊन गहाण पडले. घरचे सोने गहाण टाकून दिवस काढणे म्हणजे काय, ते आमच्या भागात कोणाला सांगावे लागत नाही. सावकाराच्या कपाटात यवतमाळ जिल्ह्याच्या गळ्यातल्या कितीतरी पोती अजून आहेत.

इथे कोणी म्हणेल की दिग्रसला पॅकेज मिळाले की! मिळाले. १ जुलै २००६ ला पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी विदर्भातल्या सहा जिल्ह्यांतल्या अडचणीतल्या शेतकऱ्यांसाठी ३,७५० कोटींचे पॅकेज जाहीर केले, त्यात यवतमाळ होते. ७१२ कोटींची व्याजमाफी झाली, तिने खरोखर दिलासा दिला. सर्वांत मोठा वाटा सिंचनाचा, २,१७७ कोटींचा. आणि गाई दिल्या. कोरडवाहू कास्तकाराच्या दारात भरपूर खाणारी दुभती गाय बांधली. चारा आणि पाणी आणायचे काम त्याच्याकडे. पॅरिस, वॉशिंग्टन आणि दिल्ली यांच्यात मला मोठा फरक दिसत नाही. देणाऱ्याच्या कागदावर जे शोभते ते घेणाऱ्याच्या दारात बांधले जाते.

गाय तरी फुकट किंवा अर्ध्या किमतीत आली. २०१६ च्या फेब्रुवारीत सीरियाच्या युद्धासाठी लंडनला परिषद भरली आणि काही वर्षांसाठी मिळून १० अब्ज डॉलरहून अधिक रकमेची आश्वासने झाली. त्याच वर्षी एक नवी सोय निघाली: निर्वासितांना आसरा देणाऱ्या जॉर्डन आणि लेबनॉनला जागतिक बँकेकडून सवलतीच्या व्याजाने कर्ज. पुन्हा पाहा. पाहुणे त्यांनी घरात घेतले, आणि बक्षीस म्हणून त्यांना कर्ज मिळाले. व्याज कमी होते, हे खरे. पीककर्जाच्या रांगेत उभ्या राहिलेल्या माणसाला यातला सन्मान चटकन कळेल. गाझासाठी ऑक्टोबर २०१४ मध्ये कैरोला ५.४ अब्ज डॉलरची आश्वासने जमली होती. त्यातली गाझाच्या उभारणीसाठी ठेवलेली रक्कम वर्ष लोटले तरी निम्मीसुद्धा पोहोचली नव्हती. बोलाचीच कढी, बोलाचाच भात, पण ताटे चांदीची आणि निमंत्रणपत्रिका सोनेरी.

२०२२ मध्ये युक्रेनचे युद्ध सुरू झाले. त्याच्यासाठी परिषदा झाल्या, मंच उभे राहिले, गोठवलेल्या रशियन पैशाच्या व्याजावर ५० अब्ज डॉलरचे कर्ज उभारायचे ठरले. युक्रेनला ते मिळालेच पाहिजे, याबद्दल मला काही म्हणायचे नाही. मात्र त्या खरिपात जगात खत आणि पोटॅश कडाडले. केंद्र सरकारने डीएपीची गोणी १,३५० रुपयांवर धरून ठेवली आणि खताच्या अनुदानाचा आकडा त्या वर्षी अडीच लाख कोटींपर्यंत गेला. गोणीचा भाव असा कागदावर थांबला. दुकानात काय झाले, ते कृषी केंद्राच्या पायरीवर ऐकू येत होते:

“भाऊ, डीएपी आली का?”

“आली ना. पण सोबत ही बाटली घ्या लागते.”

“बाटलीत काय हाय?”

“ते नका विचारू. घ्या लागते.”

भाऊने घेतली. युद्ध करणारे कोण आणि ही बाटली कशासाठी, दोन्ही त्याला कोणी सांगितले नाही. युद्धाची झळ बसलेल्यांच्या यादीत दिग्रस नव्हते. यादीत येण्यासाठी एक तर सीमेवर असावे लागते किंवा परिषदेत. आम्ही वावरात होतो.

एवढे सगळे लिहून झाल्यावर मूर्खाला माझा सल्ला काय? शहाणा हो, असा अजिबात नाही. ज्या दिवशी दिग्रसचा माणूस निकष विचारल्याशिवाय पाच पैसे द्यायचे थांबवेल, त्या दिवशी सीमेवरच्या कोणत्याही बाईच्या कडेवरच्या पोराला उत्तर द्यायला फक्त समन्वय गट उरेल. त्या पोराला बैठकीची तारीख कळवता येत नाही. समन्वय हवाच, हिशेब हवाच. पण पैसा आधी आणि बैठक मागून, हा उलटा क्रम १९७१ मध्ये या देशाने एकदा करून दाखवला आहे, आणि त्याने माणसे वाचली.

म्हणून माझी मागणी मंत्रालयाला आणि दिल्लीला आहे. यापुढे कुठेही युद्ध पेटले आणि माणसे उघड्यावर आली, तर आमच्या तिकिटावर खुशाल अधिभार बसवा. फक्त तो कोणासाठी आहे ते तिकिटावर मराठीत छापा, शेवटची तारीख छापा, आणि किती जमले व कुठे गेले याचा कागद दर तीन महिन्यांनी दिग्रसच्या बसस्थानकावर आणि पंचायत समितीच्या फळ्यावर लावा. आणि वाचणाऱ्याला सांगणे एवढेच, की तो कागद लागला नाही तर आगारप्रमुखांना भेटून विचारा, पण तिकीट काढायचे थांबवू नका.